चॉर्टल म्हणजे नेमके कोणते हसणे?

शब्दवेडी

नमस्कार मंडळी. गेले पंधरा दिवस मी एका इंग्रजी बालकथेचे मराठी भाषांतर करीत आहे आणि एकाच शब्दापाशी माझे घोडे अडले आहे. कथेतील आजोबा नातवाचा पराक्रम ऐकून 'चॉर्टल' करतात. शब्दकोशात पाहिले, तर 'खुदखुदणे आणि नाकाने फुरफुरणे यांचे मिश्रण' अशा आशयाचा अर्थ मिळाला. पहिल्या खर्ड्यात मी 'आजोबा खदखदून हसले' असे लिहून मोकळी झाले होते. परंतु संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना लक्षात आले की खदाखदा हसणाऱ्या माणसाचे तोंड उघडे असते, आणि माझ्या आजोबांचे तोंड मिटलेले आहे, कारण त्यात पान आहे. (पान मूळ कथेत नाही, ते माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिलेल्या आजोबांच्या तोंडात आहे.)

माझे प्रश्न दोन. हा शब्द इंग्रजीत आला कोठून? आणि मराठीत त्याच्या जवळ जाणारा शब्द आहे का, की तो घडवावाच लागेल?

दूधकट्टा

गंगावेशीतील आमच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला ओठांना लागलेला असताना शेजाऱ्याने विनोद केला, की जे होते ते चॉर्टल असावे. दूध नाकातून बाहेर येते, हा त्याचा पुरावा.

निवृत्त_मास्तर

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे त्या मानाने सोपे आहे, कारण बहुतेक शब्दांचा जन्म अंधारात झालेला असतो, आणि या शब्दाचा जन्मदाखला मात्र उपलब्ध आहे. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गणित शिकवणारे चार्ल्स लटविज डॉजसन, म्हणजेच लुइस कॅरल, यांनी तो घडवला. त्यांचे 'थ्रू द लुकिंग ग्लास' हे पुस्तक 1871 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यात ॲलिसला एक पुस्तक सापडते, ज्यातील अक्षरे उलटी छापलेली असतात. ते आरशासमोर धरल्यावर 'जॅबरवॉकी' ही कविता वाचता येते. कवितेतील मुलगा एका भयंकर प्राण्याला मारून परत येतो, बाप त्याला मिठी मारतो आणि आनंदाच्या भरात 'चॉर्टल' करतो. त्याआधी हा शब्द इंग्रजीत नव्हता.

तुमच्या कथेतही वडीलधारा माणूस पोराचा पराक्रम ऐकूनच हसतो आहे. मला तो योगायोग वाटत नाही. मूळ लेखकाने हा शब्द कॅरलची आठवण ठेवूनच वापरला असावा, असा माझा कयास आहे, आणि तसे असेल तर भाषांतरात एखादा गुळगुळीत शब्द टाकून भागणार नाही.

भाषांतरित

मास्तरांशी सहमत आहे. त्याच पुस्तकात हम्प्टी डम्प्टी हे अंड्यासारखे पात्र ॲलिसला या कवितेचा अर्थ समजावून सांगते आणि दोन शब्द एकात कोंबलेल्या अशा शब्दांना 'पोर्टमँटो' म्हणते. पोर्टमँटो म्हणजे पुस्तकासारखी मधोमध उघडणारी, दोन कप्प्यांची प्रवासी चामडी पेटी. 'चकल' आणि 'स्नॉर्ट' मिळून 'चॉर्टल' होतो, हेही कॅरलने त्याच्याच तोंडून सांगितले आहे.

निवृत्त_मास्तर

शेवटच्या वाक्यात थोडी दुरुस्ती सुचवतो. हम्प्टी डम्प्टी फक्त पहिल्या कडव्यातील शब्द उलगडतो, आणि ते कडवे कॅरल यांनी 1855 मध्ये, म्हणजे पुस्तकाच्या बरीच वर्षे आधी, घरगुती हस्तलिखितासाठी लिहिले होते. 'चॉर्टल' येतो तो शेवटून दुसऱ्या कडव्यात. तिथवर हम्प्टी डम्प्टीचे स्पष्टीकरण पोहोचतच नाही. त्यामुळे 'चकल अधिक स्नॉर्ट' ही फोड कोशकारांनी केलेली आहे. ती अगदी पटण्यासारखी आहे, मात्र ती कॅरलच्या पदरात घालू नये.

भाषांतरित

दुरुस्ती मान्य आहे. मी ते इतक्या ठिकाणी वाचले होते की मूळ पुस्तक पुन्हा उघडून पाहावे असे वाटलेच नाही.

कागलचा_शेतकरी

मी इंग्रजीचा जाणकार नाही, परंतु 'चकल' या शब्दाविषयी एक गोष्ट मुलीच्या शब्दकोशात वाचली आणि ती मला फार आवडली. कोंबडी पिलांना बोलावताना जो घशातल्या घशात आवाज काढते, त्या आवाजावरून इंग्रजीत 'चक' हे क्रियापद होते आणि त्यापासून सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'चकल' हा शब्द आला. आता आमच्या गोठ्यात या. अंड्यांवर बसलेली कोंबडी जवळ गेल्यावर तोंड न उघडता खुडखुड करीत राहते, म्हणून आपण तिला खुडूक म्हणतो. आणि माणूस तोंड न उघडता हसला, की तो खुदकन हसतो, खुदुखुदु हसतो. खुडूक आणि खुदूक यांत अंतर ते किती? निदान माझ्या कानाला तरी इंग्रजांनी आणि आपण एकाच खुराड्यापाशी उभे राहून शब्द तयार केले असे वाटते.

शब्दवेडी

कागलकर दादा, ही तुलना मला कोणत्याही कोशात मिळाली नसती. म्हणजे 'चॉर्टल'चा अर्धा भाग मराठीत सापडला: खुदखुदणे. आता नाकाचे काय करायचे?

एडिंबराकर

मी मूळचा राजारामपुरीचा, सध्या मुक्काम एडिंबरा. तुम्ही सगळे 'चॉर्टल'मागे लागला आहात, म्हणून मी इथल्या मातीतला एक शब्द पुढे करतो: 'गफॉ'. मोठ्याने, अचानक फुटलेले, आजूबाजूच्यांना माना वळवायला लावणारे हसणे म्हणजे गफॉ. हा शब्द अठराव्या शतकाच्या सुरुवातीस स्कॉटलंडमधून इंग्रजीत गेला, आणि त्याआधी इथे 'गॉफ' असा आखूड शब्द त्याच अर्थाने प्रचारात होता. आपल्याकडचे सातमजली हसणे ते हेच.

त्याहून मौजेचा आहे तो साधा 'लाफ'. शाळेत असताना आपल्याला प्रश्न पडे की स्पेलिंगमध्ये जी आणि एच असताना उच्चार फ कसा होतो. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'हलिअख्खन'च्या आसपास उच्चारला जाई. घशातून घासत येणारा खकार त्यात होता. पुढे लिहिताना त्या खकारासाठी जी-एच ही जोडी रूढ झाली, आणि उच्चार मात्र काळाच्या ओघात बदलला. काही शब्दांत तो खकार गळून गेला, जसे 'डॉटर', 'नाइट', 'थ्रू'. तर काहींत त्याचा फकार झाला, जसे 'लाफ', 'कफ', 'रफ', 'इनफ'. म्हणूनच 'लाफ्टर' आणि 'डॉटर' लिहिताना जुळ्या बहिणी वाटतात आणि बोलताना ओळख दाखवीत नाहीत. इथे मात्र जुनी स्कॉट्स बोली बोलणारी माणसे आजही 'लॉख' असे खकारानेच हसतात. म्हणजे मुळात इंग्रजही आपल्यासारखेच 'ख'ने हसत होते.

दूधकट्टा

'लाफ्टर'च्या आधी एस लावला की 'स्लॉटर' होते, हे शाळेत कळल्यापासून मी इंग्रजीत जपूनच हसतो.

एडिंबराकर

घाबरू नका, ते दोन शब्द एका घराण्यातील नाहीत. 'स्लॉटर' उत्तरेकडील नॉर्स भाषेतील मांसवाचक शब्दापासून आला आहे.

संस्कृतप्रिया

खकाराचा विषय निघालाच आहे, तर राहवत नाही. इंग्रजीत 'कॅकिनेट' असा एक भारदस्त, क्वचितच वापरला जाणारा शब्द आहे. त्याचा अर्थ खो खो हसणे. तो लॅटिनमधून आला, आणि त्याच अर्थाचे व तशाच ध्वनीचे क्रियापद ग्रीकमध्येही आहे. आता आपल्या पाणिनीय धातुपाठाकडे वळा. तिथे 'कख्' हा धातू हसणे याच अर्थाने दिलेला आहे. मोनियर विल्यम्स यांनी आपल्या संस्कृत कोशात या धातूपुढे तो लॅटिन आणि ग्रीक शब्द तुलनेसाठी मांडून ठेवले आहेत. ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी जवळच्या ग्रंथालयात कोश उघडावा. मी स्वतः करवीर नगर वाचन मंदिरात बसून अशा नोंदी उतरवण्यात कॉलेजची दोन वर्षे घालवली आहेत.

रोमन माणूस, ग्रीक माणूस आणि आपला वैयाकरण हे तिघे एकाच अक्षराने हसत होते, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते.

शंकेखोर

विलक्षण आहे, परंतु त्यावरून नाते सिद्ध होत नाही. हसण्याचा आवाज जगात सगळीकडे ख, ह, क यांच्याच आसपास असतो. आपल्या कावळ्याला काव काव आणि इंग्रजांच्या कावळ्याला कॉ म्हणतात, म्हणून कोणी त्या दोन शब्दांना चुलतभाऊ ठरवीत नाही. दोघांनीही कावळ्याचे ऐकलेले असते. ध्वनीची नक्कल करून बनलेल्या शब्दांवर कुळी जुळवणे म्हणजे वाळूवर भिंत बांधणे होय. 'गिगल', 'टिटर', 'स्निगर', 'गफॉ' हे सगळेच नकलेतून आलेले शब्द आहेत. आणि कागलकरांचे खुराडेही त्याच न्यायाने तपासावे लागेल, याबद्दल त्यांनी राग मानू नये.

कागलचा_शेतकरी

राग कसला? आपण एकच कोंबडी ऐकली, एवढेच माझे म्हणणे होते. शब्द तिचा, आपण फक्त उतरवून घेतला.

संस्कृतप्रिया

शंकेखोर यांचा आक्षेप रास्त आहे आणि तो मी स्वीकारते. कोशकारानेही 'तुलना करा' एवढेच सुचवले आहे. मात्र जेथे नकलेचा प्रश्नच येत नाही, असे एक उदाहरण देते. स्मिताला आवाज नसतो. तरीही संस्कृत 'स्मि' धातू, त्यापासूनचे 'स्मित', आणि इंग्रजीतील 'स्माइल' व 'स्मर्क' ही सगळी मंडळी एकाच प्राचीन मुळापासून निघालेली आहेत. हे नाते भाषाशास्त्रात मान्य झालेले आहे. आणखी पुढे जा: आपल्या 'विस्मय' शब्दात तोच धातू आहे, आणि इंग्रजीतील 'मिरॅकल' ज्या लॅटिन शब्दापासून आला तोही याच कुळातला मानतात. आश्चर्य वाटल्यावर चेहरा उमलतो, हे कोणा एका भाषेचे निरीक्षण नसावे.

आता ताईंच्या नाकाकडे येते. भरताच्या नाट्यशास्त्रात, सहाव्या अध्यायात, हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. स्मितात दात दिसत नाहीत, हसितात किंचित दिसतात, विहसितात मधुर आवाज येतो. आणि उपहसितात नाकपुड्या फुललेल्या असतात, दृष्टी तिरकी असते, मान व अंग आखडलेले असते. फुललेली नाकपुडी! इंग्रजांनी 1871 मध्ये जे हसणे पकडले, त्याच्या नाकाची नोंद आपल्याकडे दीड हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी झालेली आहे.

फरक एवढाच वाटतो की भरताने हसणारा चेहरा पाहिला आणि इंग्रजीने हसण्याचा आवाज ऐकला. एक शास्त्र नटासाठी होते. त्यात अभिनय दिसावा लागतो.

शंकेखोर

नाकपुडी मान्य. परंतु उपहसित शब्दाला आज मराठीत उपहासाचा वास येतो, आणि कथेतील आजोबा नातवाची टर उडवीत नाहीत. तो शब्द ताईंच्या उपयोगाचा नाही.

दूधकट्टा

'अट्टहास' कसा वाटतो? माझ्या आईचा मी सकाळी उठावे असा अट्टहास असतो, परंतु त्यात हसण्यासारखे काही नसते.

निवृत्त_मास्तर

आपण गंमतीने लिहिलेत, पण मुद्दा महत्त्वाचा आहे. संस्कृतात अट्टहास म्हणजे मोठ्याने केलेले हास्य. मेघदूतात कालिदास कैलास पर्वताला शंकराच्या रोजच्या अट्टहासाची साठलेली रास म्हणतो, कारण कविसंकेतानुसार हास्याचा रंग पांढरा आहे आणि कैलासावर बर्फ आहे. त्याच शब्दाचा मराठीत येईपर्यंत हट्ट झाला. हसणे गेले आणि जोर तेवढा उरला.

डॉक्टरीणबाई

नाकाचा विषय चालला आहे, म्हणून माझ्या क्षेत्रातले थोडे. हसणे ही मुळात श्वासाची क्रिया आहे: छातीचा पडदा आणि फासळ्यांमधील स्नायू झटके देतात आणि हवा तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडते. तोंड उघडे असेल तर ती घशातून मोकळी सुटते आणि आपल्याला हा हा, खो खो ऐकू येते. तोंड मिटलेले असेल, मग ते संकोचामुळे असो वा पानामुळे, तर त्याच हवेला नाकावाचून वाट उरत नाही आणि फुस् असा आवाज येतो. आणि हसताहसता घाईने श्वास आत घेतला, की टाळूचा मागचा मऊ भाग थरथरतो व घोरण्यासारखा आवाज निघतो. इंग्रजीत 'स्नॉर्ट' या एकाच शब्दात हे दोन्ही आवाज बसतात. शब्दवेडीताईंनी कल्पनेतल्या आजोबांच्या तोंडात पान घातले, ते शरीरशास्त्राला धरूनच आहे.

जाता जाता आणखी एक. काही रुग्णांना फेफऱ्याचा झटका हसण्याच्या रूपात येतो. त्याला हास्याच्या ग्रीक शब्दावरून 'जेलास्टिक' झटका म्हणतात. रुग्ण हसतो, परंतु त्यात आनंद असेलच असे नाही. त्यामुळे हसण्याच्या आवाजावरून मनाची परीक्षा करू नये, असे मला नेहमी वाटते.

तालीमवाला

आमच्या पेठेतील तालमीत एक वस्ताद होते. नव्या पोराने चांगला डाव मारला, तर ते शाबासकी देत नसत आणि हसतही नसत. ओठ घट्ट मिटून, मिशीखालून, नाकाने एकदाच आवाज काढत. तो आवाज ऐकायला मिळावा म्हणून आम्ही महिनोन्महिने घाम गाळला आहे. बाहेरच्या माणसाला वाटे की त्यांना सर्दी झाली आहे. आम्ही पोरे म्हणत असू, 'वस्ताद नाकातल्या नाकात हसलं.' ताईंच्या आजोबांना हे लागू पडावे.

शब्दवेडी

'नाकातल्या नाकात हसले'! गालातल्या गालात हसणे आपल्याकडे पूर्वीपासून आहेच, त्यामुळे हा वाक्प्रचार ऐकताक्षणी कळतो. तालीमवाले दादा, आपले मनापासून आभार. मला वाटते, प्रश्न सुटला.

भाषांतरित

माफ करा, परंतु तो अर्धाच सुटला. या वाक्प्रचारात नाक आहे, खुदखुद नाही. शिवाय तो शोधून काढलेला आहे, घडवलेला नाही. मास्तर आरंभी म्हणाले तेच पुन्हा म्हणतो: कॅरलने नवा शब्द केला, तर आपणही करावा. खुदखुदणे आणि फुरफुरणे यांची गाठ बांधून 'खुदफुरणे' केले तर? 'आजोबा आनंदाने खुदफुरले.' फुरफुरणे घोड्याचे असते, आणि ते नाकानेच होते.

शंकेखोर

'खुदफुरले' वाचून मला एखादा त्वचारोग झाल्यासारखे वाटले. असे शब्द कोणी वापरत नाही. चार दिवसांत ते मरतात.

निवृत्त_मास्तर

बहुतेक मरतात, हे खरे आहे. 'जॅबरवॉकी'तीलच पाहा: 'अफिश', 'टल्जी', 'मॅन्क्सम' हे शब्द त्या कवितेबाहेर फारसे पडले नाहीत. 'चॉर्टल' आणि जडशीळ उड्या मारीत जाण्यासाठी असलेला 'गॅलम्फ' तेवढे लोकांनी उचलले. आता 'चॉर्टल' लिहिणाऱ्या कित्येकांना तो कोणी केला हे ठाऊकही नसते, आणि शब्द रुजला म्हणजे नेमके हेच होते. आपल्याकडेही 'महापौर' म्हणताना सावरकर किती जणांना आठवतात? मात्र तिथे संस्कृत शब्दांचा समास होता. हसण्याच्या शब्दाला समास चालत नाही, त्याला कानाची परीक्षा द्यावी लागते. माझे मत 'खुदफुरणे'च्या बाजूने आहे, कारण वाचणारी मुले आहेत. मोठ्यांना अनोळखी शब्द दिसला की ते कोश शोधतात किंवा तक्रार करतात. मुले तो मोठ्याने उच्चारून पाहतात. 1871 मध्ये ज्या मुलांनी 'चॉर्टल' प्रथम वाचला, त्यांच्यासमोर कोणताही कोश नव्हता.

संस्कृतप्रिया

माझे मत 'नाकातल्या नाकात'ला. तो कोल्हापूरचा आहे आणि त्याला मिशी आहे.

डॉक्टरीणबाई

दोन्ही वापरता येणार नाहीत का? पहिल्यांदा आजोबा नाकातल्या नाकात हसतात, आणि पुढे न राहवून खुदफुरतात. शरीरात क्रम तसाच असतो.

शब्दवेडी

तीन आठवड्यांनी धागा वर आणत आहे, त्याबद्दल क्षमस्व. डॉक्टरीणबाईंचा सल्ला मानून मी दोन्ही वापरले. शेजारच्या सात वर्षांच्या मुलीला ते पान वाचून दाखवले, तेव्हा तिने 'खुदफुरले' म्हणजे काय हे विचारले नाही. तिने ओठ मिटून ते करून दाखवले, आणि पेल्यातले सरबत तिच्या फ्रॉकवर आले. दूधकट्टा यांचा पुरावा त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरातही सिद्ध झाला.

काल मुद्रितशोधनाची प्रत हाती आली. शोधकांनी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढून समासात दुरुस्ती सुचवली आहे: 'आजोबा खुद्द फिरले.' मी ती रेघ खोडून प्रत परत पाठवली आहे.

शंकेखोर

हे वाचून कचेरीत माझ्या नाकातून जो आवाज निघाला, त्यावर शेजारच्या टेबलावरील बाईंनी मला सर्दीची गोळी दिली. माझे मत बदलले आहे. 'खुदफुरणे' राहू द्या.